पहिला गोळा

“आई, यादी बघूनच कर,” मुलगा म्हणाला. “एकेक जिन्नस घातला की पुढे खूण कर. म्हणजे गोंधळ नको.”

यादी त्यानेच लिहून फ्रिजवर चिकटवली होती. खिमा, दुधात भिजवलेला पाव, अंडी, कांदा, लसूण, मिरपूड, मीठ. तीस वर्षं शाळेच्या खानावळीत रोज दोनशे पोरांना जेवू घातलेल्या बाईला मीटबॉलची यादी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण बोलायला तोंड कुठे होतं? गेल्या दोन महिन्यांत घराची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली, गॅस दोनदा उघडा राहिला, सूप खारट होऊन फेकावं लागलं. दर वेळी मुलाच्याच आधी लक्षात आलं आणि त्यानेच निस्तरलं. चारचौघांत सांगितलंही त्यानेच.

आज आठ जण जेवायला होते. घरचे तिघं, मुलगी, जावई, त्यांची दोन मुलं आणि मुलाने मुद्दाम बोलावलेले डॉक्टर. जेवण झालं की डॉक्टर एका कागदावर सही करणार होते. मग तिची रवानगी वृद्धाश्रमात आणि घर मुलाच्या ताब्यात. सॉस मुलगी आणणार होती, स्पॅगेटी सून उकडणार होती. गोळे तेवढे तिचे.

राग खिम्यावर काढायचा नसतो. फार रगडला की गोळे दगडासारखे होतात. म्हणून तिने तो कांद्यावर काढला. सुरीचा आवाज ऐकून सून दारातूनच परत फिरली.

पाव पिळून घातला, अंडी फोडली, हलक्या हाताने सगळं एकत्र केलं. हात धुऊन पेन्सिल घेतली आणि यादीवर ओळीने सातही खुणा केल्या.

मग तिने एकच गोळा वळून तळला. मिश्रण मुरायला ठेवण्याआधी पहिला गोळा तळून चाखायचा, हा खानावळीतला तिचा दंडक. आज मात्र तिने तो चाखला नाही. कपाटात एका वाटीखाली झाकून ठेवला आणि मिश्रण फ्रिजमध्ये सरकवलं.

“मी जरा पडते,” ती म्हणाली. “अर्ध्या तासाने वळीन.”

“पड तू खुशाल. इथे मी आहे ना,” मुलगा म्हणाला.

ती उठून आली तोवर मुलगी सॉसचं पातेलं घेऊन पोचली होती. तिच्यासमोर बसूनच आईने ओल्या हाताने चाळीस गोळे वळले, तळले आणि सॉसमध्ये सोडले.

जेवायला बसल्यावर पहिला घास डॉक्टरांनी घेतला आणि लगेच पाण्याचा ग्लास उचलला. नातवाने गोळा सरळ बशीत थुंकला. जावयाने काटा खाली ठेवला.

“अगं बाई,” सून म्हणाली, “नुसतं मीठच मीठ.”

मुलाने मोठा सुस्कारा सोडला. उठून फ्रिजवरची यादी काढून आणली.

“हे बघा. मिठापुढे खूण आहे. म्हणजे घातलं, विसरली आणि परत घातलं. डॉक्टर, हे रोजचंच झालंय. पोटच्या पोराला हे बोलणं किती जड जातं, तुम्हाला काय सांगू?”

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.

मुलीचे डोळे भरून आले. “आई, मी दादाला खोटं समजत होते गं. वाटायचं, तो उगाच वाढवून सांगतोय.”

आयुष्यात इतका संताप आईला कधी आला नव्हता, नवरा अर्ध्या संसारातून निघून गेला तेव्हासुद्धा नाही. तरी तिने आवाज चढवला नाही. उठली, कपाट उघडलं आणि वाटीखालचा गोळा मुलीच्या बशीत ठेवला.

“हा पहिला. त्याच मिश्रणातला, मी आडवी होण्याआधी तळलेला. खा.”

मुलीने अर्धा तोडून तोंडात टाकला. सावकाश चावला. मग भावाकडे बघितलं.

“दादा,” ती म्हणाली, “हा तर अळणी आहे.”