टाकी आणि कागद

“साडेबाराचे बारा आणि साडेतेराचे चौदा? काकू, मनाला येईल तसं लिहीत होतात की काय?”

“टाकीशी जुळतं, साहेब,” एवढंच काकू म्हणाल्या. साहेबांनी ते कानाआड केलं.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात काकूंनी एकतीस वर्षं टाकीत येणारं पाणी मोजलं. पाइपावर दोन मीटर, आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटायचं नाही. म्हणून रोज दोन्हींची सरासरी काढायची आणि वहीत पूर्ण आकडा लिहायचा, इतके लाख लिटर. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी सगळ्या वह्या रद्दीत आणि सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा, असं साहेबांनी ठरवून टाकलं.

ही चूक शोधली होती प्रोग्रामरने. वह्या कॉम्प्युटरवर चढवायला आलेली पोरगी, पण दोन वह्यांवर लाल खुणा करून तिने काकूंवर नसती आफत आणली. अर्धा आला की वर न्यायचा, हे तर शाळेतच शिकवतात. तरी आता तिला काकूंकडे बघवत नव्हतं.

निदान बरोबर आकडे तरी निघोत, म्हणून तिने प्रोग्राम चालवला. मशीनने साडेबाराचे बारा केले. साडेतेराचे चौदा. ती चक्रावली. प्रोग्रामच्या भाषेचे नियम उघडून वाचले आणि तिने जीभ चावली. नेमका अर्धा आला की ही भाषा जवळचा सम आकडा धरते, कधी वरचा, कधी खालचा. दर वेळी वर गेलं तर बेरीज उगाच फुगत जाते, म्हणून.

मग तिने एकतीसही वर्षं ताडून पाहिली. पहिलं वर्ष सोडलं, तर एका आकड्याचा फरक नाही. अशी बाई या खोलीत एवढी वर्षं बसली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

साहेबांनी स्क्रीन दोनदा पाहिली आणि शेऱ्याचा कागद फाडला. प्रोग्रामर काकूंच्या टेबलाशी गेली.

“चुकलं माझं, काकू. पण हा नियम तुम्हाला शिकवला कुणी?”

“पहिल्या वर्षी मीही वरच ढकलायचे गं. वर्षाअखेरीला कागदावर नव्वद लाख लिटर जास्त, आणि टाकीत त्यातलं थेंबभर नाही.” काकूंनी चष्मा पुसला. “मला टाकीने शिकवलं. तुझ्या मशीनला कुणी शिकवलं?”