बिरूतात्यांच्या क्लिपा

"क्लिपा संपल्या सर. आनखी दोन पाकिटं लागतील," बिरूतात्या म्हणाले.

केशव सरांनी पेपर टीपॉयवर आपटला. या आठवड्यात प्लॅस्टिक आणायला बारामतीच्या बाजारात जायची ही तिसरी खेप. रविवारी वास्तुशांत, आणि हॉलची फरशी अजून अर्धीच.

"तात्या, तुमच्यासारख्या मिस्त्रीला हे कशाला हवं? ही नवशिक्यांची सोय."

"फरशी चार फुटी हाय सर. मधी फुगीर असती. क्लिपात पाचर ठोकली की दोन फरश्यांच्या कडा एका पातळीत ऱ्हात्यात. वाळल्यावर उडवायच्या."

सरांना ते पटेना. पिंपळीला त्यांच्या बहिणीचं अख्खं घर तात्यांनी नुसत्या दोरीवर आणि रबरी हातोडीवर केलं होतं. डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवायचे, आणि कागदाएवढी कड वर लागली तरी फरशी उचलायचे. त्या बोटासाठी तर सरांनी त्यांना कऱ्हाटीहून मुद्दाम बोलावून आणलं होतं. आणि इथं हा माणूस पाचरी ठोकत बसला होता. सांधे तपासायलाही स्वतः वाकत नव्हता, बायकोला, सिंधुबाईला वाकवत होता.

"काम चांगलं होतंय ना? मग होऊ द्या की," सरांच्या पत्नी मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या.

"मी कामाला मिस्त्री बोलावला होता, दुकान नव्हे," सर पुटपुटले आणि स्कूटरची किल्ली घेऊन निघाले.

तीन दिवसांचं काम सहा दिवस चाललं. शनिवारी दुपारी तात्यांनी क्लिपा उडवल्या. हॉल भरल्या ताटासारखा सपाट दिसत होता. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून सर आणखीच वैतागले.

"ही क्लिपांची करामत. तुमची कुठं दिसली यात?"

"झालं न्हवं चांगलं, सर?" सिंधुबाई म्हणाली.

"चांगलं झालं. पण तात्या, पिंपळीसारखं एकदा बोट फिरवून दाखवा. मग मानतो."

"ऱ्हाऊ द्या की सर," सिंधुबाई घाईनं म्हणाली. "दमल्यात ते."

"एवढ्यानं काय दमतात?"

तात्या दाराशी उकिडवे बसले, डोळे मिटले, आणि सांध्यावर बोट टेकवून सरकत सरकत पार समोरच्या भिंतीपर्यंत गेले. वाटेत एका क्लिपेचं मोडकं टोक सांध्यातून वर राहिलं होतं. तिथून पुढं, पांढऱ्या फरशीवर, बोटाच्या मागोमाग एक बारीक लाल रेघ उमटत गेली.

"तात्या, रक्त," सर म्हणाले.

बिरूतात्यांनी डोळे उघडले आणि काळजीनं सरांच्या पायांकडे पाहिलं.

"कुनाचं?"