बंदराचा रकाना

मी सातवी उत्तीर्ण खलाशी. तथापि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद वहीत करीत आलो. नावापुढील रकान्यात वाचन जेथे संपले ते बंदर लिहावयाचे: कोलंबो, मस्कत, मोम्बासा. निवृत्तीनंतर यंदा मात्र वर्षभर त्या रकान्यात केवळ अंजनवेल, आमचे गाव, उमटले. जुनी पाने चाळताना मन व्याकूळ होत असे. अशातच आज एजंटाचा दूरध्वनी आला, “काका, माणूस कमी पडलाय. उद्या जहाजावर चढता काय?” मी सौभाग्यवतीकडे पाहिले. रोज दुपारी ती मासळी साफ करी आणि मी पुस्तक वाचून दाखवीत असे. मान वर न करता ती म्हणाली, “जावा खुशाल. पण गोष्टीतल्या त्या नावाड्याच्या पोरीचं लगीन झालं काय, तेवढं सांगून जावा.” ते पुस्तक मी पहाटेच संपवून नोंदविले होते. तरीही उत्तरलो, “मलाही ठाऊक नाही. उद्या दुपारी वाचू.”