थेंबभर, मनगटावर

सनस्क्रीन घ्यायला तो आला की औषधवाल्याला हसू आवरायचं नाही. बायकोचं काम विजेचे मीटर वाचायचं, म्हणजे दिवसभर दारोदार उन्हात. त्यात कातडी नाजूक. जरा काही चुकीचं लागलं की अंगभर पुरळ. म्हणून ट्यूब निवडायचं काम याचं. चष्मा कपाळावर चढवून तो खोक्यावरची बारीक अक्षरं नाकाशी धरून वाचायचा. सुगंध घातलेलं बाद, अल्कोहोलवालं बाद. झिंक ऑक्साइडचं एखादं उरलं की थेंबभर स्वतःच्या मनगटावर लावायचा. दुसऱ्या दिवशी मनगट दाखवून मगच ट्यूब घरी न्यायची.

आज तो बऱ्याच महिन्यांनी आला. नेहमीसारखी सगळी खोकी वाचली, एक बाजूला काढलं आणि बाही वर सारली.

"अहो, किती वर्षं सांगतोय," औषधवाला म्हणाला, "पुरळ ताईंना येतं आणि लावून बघता तुम्ही! तुमच्या मनगटावरून त्यांच्या अंगाचं कसं कळणार? एकदा त्यांनाच घेऊन या की."

त्याने थेंब बोटाने नीट पसरवला. वाळावा म्हणून त्यावर हळूच फुंकर घातली.

"या वेळी मनगट बरोबर आहे," तो म्हणाला. "सोमवारपासून मीटर वाचायला मी जाणार. तिच्या जागेवर मला अनुकंपा तत्त्वावर घेतलंय."