हॅटवरची झडप

वादळात घरट्यातून पडलेले वाकड्या बोटाचे, मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचे पिल्लू क्लाइव्हने खिमा भरवून वाढवले. पंख फुटूनही ते दारात चोच वासून बसे. “म्हाताऱ्या, लाड पुरे! माणसाला भिणार नाही, तर मांजराच्या तोंडी जाईल,” बायको म्हणाली. मन घट्ट करून त्याने दार लावले. काचेवर चोच आपटून पाखरू अखेर निलगिरीवर गेले. हिवाळाभर तो धास्तावून अंगणात विखुरलेली पिसे शोधत राहिला. वसंतात घरटी राखणारे मॅगपाय माणसांवर झडप घालतात, म्हणून सारी गल्ली डोक्यावर आइस्क्रीमचे रिकामे डबे चढवी. तो मात्र नुसत्या हॅटनिशी टपालपेटीकडे निघाला. मागून झडप आली, हॅट उडाली, टकलावर रक्त आले. कुंपणावर वाकड्या बोटाचा तोच नर घरटे राखत होता. “खिमा विसरला मेला!” बायको कडाडली. “विसरला ना? देवा, पावलास!” क्लाइव्हने हॅट उचलून पाखरापुढे झुकवली.