निरोपाचं पाणी

वर्षभर घाम गाळून बर्दिया इस्फहानहून शिराजला सायकलने निघाला. वजन उतरवायला त्याने आईच्या हातच्या भाताची खरपूस खरवडसुद्धा सोडली होती. आईच्या जिवाला घोर लागला तो तिथूनच.

गेलेलं माणूस लवकर घरी यावं म्हणून इराणात निघताना त्याच्या पाठीमागे पाणी ओततात. आई दारात बादली घेऊन उभी.

“अगं, वाटीभर ओततात!”

“वाटी मावशीकडे जाणाऱ्याला. तू शिराजला चाललायस. मार पायडल!”

उतरत्या गल्लीत पाणी सायकलच्या पुढे धावलं आणि पहिल्याच वळणावर, गुळगुळीत फरशीवर, बर्दिया सपशेल आडवा झाला.



गुडघ्याला पट्टी बांधून आईने आधीच काढून ठेवलेली खरवड त्याच्यापुढे सरकवली. “बघ, ओतलेलं पाणी कधी वाया जात नाही.”