हुवेमिलचा गुडघा

जमिनीपासून साठ पुरुष उंचीवर, एका पायाची बोटं भेगेत आणि दुसरा पाय हवेत, अशा अवस्थेत आयिदला खालून चुलतभावाची हाक ऐकू आली.

"काय रे, गुडघा बरा आहे ना?"

खाली हशा पिकला. फर्राज हा विनोद तीस वर्षं करत होता आणि वादीतली, त्या कोरड्या नदीच्या खोऱ्यातली, माणसं तीस वर्षं हसत होती. वाळवंटात करमणुकीची साधनं कमी.

गुडघा आयिदचा नव्हता, त्याच्या बापाचा होता. आजा, पणजा, काके, सगळे शिकारी; रानबोकडांच्या मागे अनवाणी कडे चढणारे. एकटा हुवेमिल खाली उंटांपाशी बसायचा. वर चल म्हटलं की हात गुडघ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "गुडघा." पुढे काही नाही. तो कधी आणि कशाने दुखावला हे कोणालाच माहीत नव्हतं. हुवेमिल उंटांसाठी दगडी हौद बांधायचा. प्रत्येक हौदाच्या आत, एका कोपऱ्यात, एक उतरता दगड बसवायचा. पडलेल्या पाखराला चढून बाहेर येता यावं म्हणून. लोक त्यालाही हसायचे. पाखरांना जिने बांधून देतो आणि स्वतः एक पायरी चढत नाही, म्हणायचे. चार वर्षांपूर्वी तो मेला, तेव्हा मयताला आलेल्यांपैकी निम्म्यांना तेवढंच आठवलं.

म्हणून आयिदला अबू शैबाचा माथा हवा होता. या सुळक्यावर आजासुद्धा चढला नव्हता.

पहिला चढणारा म्हणून त्याचं नाव लिहायचं उर्सिनाने कबूल केलं होतं. ही स्विस बाई तीन हिवाळे इथे येत होती. पाठीवर गाद्या बांधून वाळवंटात फिरायची आणि त्यांवर झोपायची मात्र नाही, हे तंबूतल्या बायकांना अजून पटलेलं नव्हतं. धोंड्याखाली गादी पसरायची, वर चढायची, पडायची, पुन्हा चढायची. मागच्या अंगाने शेळ्या चालत वर जातात हे तिला दोनदा दाखवून झालं होतं. गेल्या आठवड्यात ती नेमकी गादीच्या बाहेर पडली. घोटा सुजला, म्हणून आज आयिद एकटा वर होता आणि ती दुर्बीण घेऊन खाली.

ती इथल्या चढायच्या वाटांचं पुस्तक लिहीत होती. "वर पोचलास की कडेला दगडांची रास कर," तिने सांगितलं होतं. "मला दिसली की मी लिहिणार. वाट अशी अशी, पहिला माणूस आयिद, हुवेमिलचा मुलगा."

बापाचं नाव छापून येणार होतं. अबू शैबाच्या पानावर.

फर्राज त्याची गाडी घेऊन बघायला आला होता. गाडीत बंदूक होती, सवयीने. रानबोकड वादीत अठरा वर्षांत कोणाला दिसला नव्हता. "शेवटचा मीच मारला," फर्राज सांगायचा. त्यात अभिमान किती आणि हळहळ किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वाट सुळक्याच्या मागे वळली आणि आयिद दुर्बिणीतून दिसेनासा झाला. आता फक्त एक फुगीर गुळगुळीत खडक उरला होता. धरायला काही नव्हतं. त्याने आंधळा हात वर टाकला आणि बोटं एका खोबणीत बसली. खोबण हाताच्या मापाची होती. खडकही कधीकधी दया करतो, असं म्हणून तो वर चढला.

वर वारा नव्हता. माथा वाटीसारखा खोल होता, आणि वाटीत पाणी होतं. पाण्यात आख्खं आभाळ उतरलं होतं. काठाला अकरा रानबोकड उभे होते.

ते पळाले नाहीत. माना वळवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागले. त्यांची माणसाशी ओळख होती, आणि ती चांगली होती.

आयिद उभा होता तिथेच बसला. श्वास घ्यायचा असतो हे त्याला जरा उशिराच आठवलं.

एक पिल्लू घसरून पाण्यात पडलं. त्याने कोणाला हाक मारली नाही. पोहत कोपऱ्यात गेलं, आतल्या उतरत्या दगडावर पाय ठेवला आणि अंग झाडत बाहेर आलं.

मग आयिदला बाकीचं दिसलं. पाण्याभोवतीचा हातभर बांध. उभे लावलेले चपटे दगड. सांध्यांत चुना. चुना या माथ्यावर मिळणारा नव्हता. तो खालूनच आला असणार, पिशवी पिशवी करून, कितीतरी वर्षं. त्याच खोबणीवरून. कडेला मात्र रास नव्हती. एकावर एक ठेवलेले दोन दगडसुद्धा नव्हते.

"आयिद!" खालून उर्सिनाची हाक आली. "पोचलास का?"

हाकेसरशी आयिदने राशीसाठी एक दगड उचलला. पुस्तक छापलं की वाट सगळ्यांची. फर्राजचीही.

बांधातला एक दगड निखळला होता. आयिदने हातातला दगड त्या जागी नीट बसवला, दोनदा हलवून पाहिला, आणि उतरायला लागला.

खाली चहा तयार होता. उर्सिनाने वही उघडून मांडीवर ठेवली होती. आयिद वाळूवर टेकला. फर्राजने पेला पुढे केला.

"शेवटचा खडक राहिला वाटतं. काय झालं, काकाच्या लेका?"

आयिदने पेला घेतला. दुसरा हात पायावर ठेवला.

"गुडघा," तो म्हणाला.